सर विश्वेश्वरय्या आणि नदीची जागा

मी इयत्ता चौथीत शिकते. आमचे गाव कृष्णा नदीच्या काठी आहे. यंदाच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी थोर व्यक्तींची चरित्रे हा विषय दिला. कुणी शिवाजी महाराज घेतले, कुणी सावित्रीबाई घेतल्या. मी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना घेतले. वर्गातली मुलं हसली, कारण हे नाव पटकन म्हणता येत नाही. मलाही पहिल्यांदा आले नाही. मी वहीत पाच वेळा लिहिले, मग जिभेवर बसले.

मी त्यांना का घेतले ते आधी सांगते. आमचे घर खालच्या गल्लीत आहे. २०१९ साली ऑगस्ट महिन्यात मोठा पूर आला. तेव्हा मी चार वर्षांची होते. मला एवढेच आठवते की आप्पांनी मला खांद्यावर घेतले होते आणि खाली सगळीकडे चहासारखे पाणी होते. आमची मागची भिंत पडली. एक रेडी दाव्याला राहिली, ती गेली. २०२१ साली जुलैमध्ये परत पाणी आले. तेव्हा आईचे शिलाई मशीन चिखलात गेले. आता आमच्या घरात एकच वाद चालू आहे. भिंत परत तिथंच बांधायची, का माळावर जायचे? आप्पा एक म्हणतात, आज्जी दुसरेच म्हणते. म्हणून मला वाटले, पुराचा अभ्यास केलेला कोणी मोठा माणूस असेल तर त्याचे चरित्र वाचावे. बाईंनी ग्रंथालयाच्या पेटीतून पुस्तक काढून दिले.

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी मुद्देनहळ्ळी या लहान खेड्यात झाला. हे गाव तेव्हाच्या म्हैसूर संस्थानात होते. आता ते कर्नाटक राज्यात आहे. त्यांचे वडील संस्कृत पंडित होते. घरची परिस्थिती बेताची होती. लहानपणीच वडील वारले. मग मामांच्या आधाराने ते बंगलोरला शिकले. दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. १८८१ साली ते बी.ए. झाले.

पुढे म्हैसूर सरकारने त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याला इंजिनिअरिंग शिकायला आले. त्या कॉलेजचे नाव सायन्स कॉलेज होते. १८८३ साली ते परीक्षेत सगळ्या मुंबई इलाख्यात पहिले आले. तेव्हा आपला भाग मुंबई इलाख्यात होता. म्हणजे जन्म कानडी मुलखात, पण इंजिनिअर झाले ते आपल्या पुण्यात. हे वाचून मला फार आनंद झाला.

१८८४ साली त्यांना सरकारी बांधकाम खात्यात नोकरी लागली. नाशिक, खानदेश, पुणे अशा ठिकाणी त्यांनी कामे केली. धुळे भागात दातर्ती गावी त्यांनी नळाचा सायफन बांधला. सायफन म्हणजे काय ते मी आप्पांना विचारले. पाटाचे पाणी ओढ्याच्या पलीकडे न्यायचे असले तर नळ ओढ्याच्या खालून घालतात. पाणी एका बाजूने खाली उतरते आणि दुसऱ्या बाजूने आपोआप वर चढते, कारण अलीकडचे टोक उंच असते. ओढ्याचे पाणी ओढ्यातून जाते, पाटाचे पाणी पाटातून जाते. दोघांचे भांडण होत नाही.

नंतर त्यांना सिंध प्रांतात सक्कर या गावी पाठवले. सक्कर आता पाकिस्तानात आहे. तिथे सिंधू नदीचे पाणी गढूळ होते आणि लोकांना स्वच्छ पाणी हवे होते. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणायला लावली. नदीचे पाणी वाळूतून झिरपून विहिरीत आले, ते निवळ होते. आमची आज्जी सांगते की पूर्वी बायका उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झरा उकरून पाणी भरत. हे तेच झाले. फक्त त्यांनी ते सगळ्या गावासाठी केले.

पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण आहे. ते त्यांच्या आधीच बांधलेले होते. दर पावसाळ्यात धरण भरले की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडे. भिंत उंच करायला फार पैसा लागला असता आणि जुन्या भिंतीवर भार आला असता. विश्वेश्वरय्यांनी विचार करून सांडव्यावर लोखंडी दरवाजे बसवले. हे दरवाजे आपोआप चालणारे होते. पाणी ठरलेल्या उंचीपर्यंत आले की ते अडवून धरत. त्याहून वर चढले की पाण्याच्याच जोराने उघडत. पाणी उतरले की परत मिटत. रात्री पाऊस आला तरी माणूस उठवायला नको. १९०३ साली हे दरवाजे बसवले. त्यामुळे धरणात आठ फूट जास्त पाणी साठू लागले.

मला यात एक गोष्ट फार आवडली. त्यांनी पाणी अडवले, पण पुराला जायला दार ठेवले. नुसते अडवून धरले असते तर धरणच धोक्यात आले असते.

आता सगळ्यात मोठी गोष्ट सांगते. ती हैदराबादची आहे.

हैदराबाद शहरातून मुसी नावाची नदी वाहते. एरवी ती लहान असते. पावसाळा सोडला तर पाणी थोडे. म्हणून लोकांनी अगदी काठापर्यंत घरे बांधली होती. २८ सप्टेंबर १९०८ रोजी तिथे भयंकर पूर आला. आधी खूप पाऊस पडला होता. नदी एकदम चढली. पूल वाहून गेले, हजारो घरे पडली. सुमारे पंधरा हजार माणसे मेली असे म्हणतात. अफझलगंज भागात एक मोठे चिंचेचे झाड होते. त्याच्यावर चढून बसलेली दीडशे माणसे वाचली असे सांगतात. ते झाड आताच्या उस्मानिया दवाखान्याच्या आवारात होते. हे वाचताना मला आमच्या मारुतीच्या देवळाजवळचा पिंपळ आठवला. २०१९ साली त्याच्या बुंध्याला नाव बांधली होती.

हैदराबादला तेव्हा निजामाचे राज्य होते. आपला मराठवाडा पण त्याच राज्यात होता. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावणे पाठवले. ते तेव्हा नोकरीतून मोकळे होऊन परदेशात फिरत होते. तिथल्या कामांची पाहणी करत होते. १९०९ साली ते हैदराबादला आले.

आल्याबरोबर त्यांनी भिंत बांधायला घेतली नाही. त्यांनी आधी मापे गोळा केली. पाऊस किती पडला, पाणी कुठपर्यंत चढले, जमीन कुठे उंच कुठे सखल, हे सगळे पाहिले. नुसते शहर पाहिले नाही. शहराच्या वर नदी जिथून येते तो सगळा मुलूख पाहिला. मग त्यांना कळले की मुसीच्या खोऱ्यात ७८८ लहान तलाव होते आणि त्या पुरात त्यातले २२१ फुटले होते. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावात जाई, मग तो पण फुटे. सगळे पाणी एकदम नदीत आले.

हे मला आधी समजले नाही. मग मी आणि माझ्या मैत्रिणींनी शाळेच्या पन्हाळीखाली चिखलाचे तीन बांध घातले. पाऊस आला तसे वरचे तळे भरले आणि फुटले. त्याचे पाणी दुसऱ्यात आले, ते लगेच फुटले. तिसरे तर दिसलेच नाही, सपाट झाले. खाली आम्ही काड्यांचे घर केले होते ते गटारीत गेले. तेव्हा पक्के समजले. आमच्या युनिफॉर्मला चिखल लागला म्हणून आईने रागावले, पण ते जाऊ दे.

विश्वेश्वरय्यांनी दोन उपाय सांगितले. पहिला उपाय शहराच्या वरच्या अंगाला होता. तिथे दोन मोठे तलाव बांधावेत, एक मुसी नदीवर आणि एक तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर. मोठा पाऊस आला तर पूर आधी तिथे थांबेल आणि हळूहळू सोडता येईल. दुसरा उपाय शहरात होता. नदीचे काठ नीट उंच करावेत आणि काठाने रस्ते व बागा कराव्यात. मला बागांचे फार नवल वाटले. पण बरोबर आहे. बागेत पाणी आले तर झाडे मरत नाहीत आणि माणूस झोपेत सापडत नाही. पाणी ओसरले की परत बाग.

त्यांनी सांगितले तसे तलाव झाले. मुसीवर उस्मान सागर १९२० साली पुरा झाला आणि ईसीवर हिमायत सागर १९२७ साली पुरा झाला. पुढे अनेक वर्षे त्याच तलावांचे पाणी हैदराबादच्या लोकांनी प्यायले. ज्या पाण्याने माणसे मारली तेच पाणी अडवून लोकांची तहान भागली.

पुढे विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानात मुख्य इंजिनिअर झाले. कावेरी नदीवर कृष्णराज सागर हे मोठे धरण बांधायचे काम १९११ साली सुरू झाले. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. दिवाण म्हणजे प्रधान. त्यांनी शाळा काढल्या, कारखाने काढले, म्हैसूर विद्यापीठ सुरू करवले. पण मी इथे पाण्याचेच जास्त सांगते, नाहीतर कागद पुरणार नाही.

१९३७ साली ओरिसात महानदीला पूर येऊन लोकांचे हाल झाले. तेव्हा विश्वेश्वरय्या पंचाहत्तरी ओलांडलेले होते. तरी ते तिथल्या पुराचा प्रश्न पाहायला गेले. तिथे पण त्यांनी हेच सांगितले की खाली नुसते बांध घालून भागणार नाही, वर पाणी साठवले पाहिजे. नंतर महानदीवर हिराकूड धरण झाले. १९५२ साली बिहारात गंगा नदीवर पूल कुठे बांधावा हे ठरवायचे होते. तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. तरीही ते जागा पाहायला गेले. आमची आज्जी सत्तर वर्षांची आहे आणि ती पण रोज शेतात जाते. पण नव्वदीत गंगेवर जाणे म्हणजे कमालच झाली.

१९५५ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. त्यांचा वाढदिवस १५ सप्टेंबर हा अभियंता दिन म्हणून पाळतात. अभियंता म्हणजे इंजिनिअर.

त्यांच्या आयुष्याच्या शेवटी एक वाईट गोष्ट घडली. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याच्या वरचे पानशेत धरण फुटले. ते नवीन होते, त्याचे काम अजून पुरे झाले नव्हते. ते सगळे पाणी खडकवासल्यात आले आणि खडकवासल्याचे धरण पण फुटले. पुण्यात पाणी शिरले, हजारो घरे गेली. जिथे विश्वेश्वरय्यांनी दरवाजे बसवले होते तेच हे धरण. पण वरून अख्खे धरण फुटून आल्यावर दरवाजे काय करणार? आमच्या चिखलाच्या तळ्याचे झाले तेच झाले. विश्वेश्वरय्या तेव्हा नव्व्याण्णव वर्षांचे होते. नंतर खडकवासल्याचे धरण परत बांधले. एप्रिल १९६२ मध्ये विश्वेश्वरय्या बंगलोरला वारले. त्यांना शंभर वर्षे पुरी झाली होती.

इथे चरित्र संपले. पण मला अजून थोडे सांगायचे आहे.

बाईंनी मला एक गोष्ट सांगितली. २०२० साली ऑक्टोबरमध्ये हैदराबादला पुन्हा पूर आला. उस्मान सागर आणि हिमायत सागर दोन्ही तलाव जागेवर होते, फुटले नाहीत. हिमायत सागरचे दरवाजे उघडून पाणी सोडले. तरी शहरात घरात पाणी शिरले, माणसे मेली. कारण शहरातल्या जुन्या तळ्यांच्या आणि ओढ्यांच्या जागेत लोकांनी घरे बांधली होती. पाणी आपल्या जुन्या जागेवर आले, तर तिथे माणसे राहत होती. मी विचार केला, विश्वेश्वरय्यांनी एवढे मोठे तलाव सांगितले, पण लोकांनी लहान तळी बुजवली. एकटा मोठा माणूस सगळ्यांना पुरा पडत नाही.

आपल्या महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखतात. एक निळी आणि एक लाल. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत येतो ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणारा मोठा पूर जिथपर्यंत येतो ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत घर बांधू नये असा नियम आहे. रेषा कागदावर असते, जमिनीवर दिसत नाही. म्हणून मी आणि आप्पांनी आमच्या भिंतीवरच्या खुणा शोधल्या. २०१९ ची खूण आप्पांच्या खांद्याच्या वर आहे. २०२१ ची खूण आईच्या कमरेएवढी आहे. आमचे घर कुठल्या रेषेत आहे ते सांगायला मग कागद लागला नाही.

हे चरित्र मी घरी सगळ्यांना वाचून दाखवले. आई भाकरी थापत होती. आप्पा गप्प ऐकत होते. आज्जीला मी हैदराबादचे परत एकदा वाचून दाखवले. ती खूप वेळ काही बोलली नाही. मग तिने एक गोष्ट सांगितली, ती मला माहीतच नव्हती. ती लग्न होऊन आली तेव्हा आमचे घर वर मारुतीच्या देवळाजवळ होते. आता जिथे घर आहे तिथे तेव्हा खळे होते आणि वैरणीची गंज असायची. पाणी आले तर वैरण जायची, माणसं नाही. पुढे भावाभावांच्या वाटण्या झाल्या, वरचे घर थोरल्यांना गेले आणि आज्जी-आजोबा खाली आले. म्हणजे जुन्या माणसांना नदीची जागा माहीत होती. जागा कमी पडली म्हणून आपण खाली सरकलो.

त्यानंतर घरात पहिल्यांदा भांडण न होता बोलणे झाले. माळावर जायला आज्जीला का नको वाटते ते पण कळले. तिथे तिच्या ओळखीचे शेजार नाही, पाण्याचा नळ लांब आहे आणि आजोबांनी बांधलेले तुळशी वृंदावन इथे आहे. ही काही चुकीची कारणे नाहीत. घर म्हणजे नुसत्या विटा नव्हेत. पण आता असे ठरले आहे की मागच्या भिंतीसाठी आणलेल्या विटा माळावर न्यायच्या आणि दिवाळीनंतर तिथे आधी एक खोली बांधायची. धान्याची कणगी, कागदपत्रे आणि माझी पुस्तके पावसाळ्याआधी तिथे जातील. खालची जागा सोडायची नाही. तिथे वैरण ठेवायची आणि भाजी लावायची. तुळशी वृंदावन सगळ्यात आधी न्यायचे, ही आज्जीची अट आहे. आप्पांनी ती मान्य केली. गल्लीतल्या लोकांनी पण बरोबर यावे असे आज्जीला वाटते, कारण एकटे घर माळावर बरे दिसत नाही.

माझ्या मित्रांनो आणि मैत्रिणींनो, तुम्हीपण आपापल्या भिंतीवरची पुराची खूण शोधा आणि वहीत लिहून ठेवा. किती साल, कुठपर्यंत पाणी, किती दिवस राहिले. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की आधीचे घर कुठे होते. पालक मंडळींना माझी विनंती आहे की ओढ्यात कचरा आणि माती टाकून तो बुजवू नये. पावसाळ्यात जनावरे बांधताना दावे असे बांधावे की पटकन सुटेल. आमची रेडी गाठ न सुटल्यामुळे गेली, म्हणून सांगते.

कृष्णा नदी वाईट नाही. तिच्यामुळे आपल्याकडे ऊस होतो, मळई होते, प्यायला पाणी मिळते. आज्जी तिला आई म्हणते आणि दर वर्षी ओटी भरते. पण आईला सुद्धा घरात तिची जागा लागते. विश्वेश्वरय्यांनी आधी मोजले, मग पाण्याला जागा दिली, मग माणसाला जागा दिली. आपण पण त्याच क्रमाने केले पाहिजे.

मी मोठी झाले की इंजिनिअर होणार आहे. तोपर्यंत यंदाच्या पावसात शाळेच्या मागे काठी रोवून रोज पाण्याची उंची लिहिणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी माझ्याबरोबर यावे. पण पाण्याच्या जवळ जायचे नाही, लांबूनच बघायचे. बाईंनी तसे बजावले आहे.